विश्लेषण : आराम करणारे स्नायू किती ऊर्जा खर्च करतात? वजन घटवण्याशी त्याचा संबंध काय?

मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात दाखल झाली. ‘वेगोवी’मधील सेमाग्लुटाइड या मूळ औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची असल्याने स्वस्त पर्यायांची चर्चाही त्यापाठोपाठ सुरू झाली. या इंजेक्शनांमुळे चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि त्यामुळे ‘मेटाबॉलिझम’ मंदावतो, अशी भीती व्यक्त होते. दुसरीकडे ‘स्नायू वाढवा, बसल्या जागी कॅलरी जळतील’ असे सांगून जिम, प्रोटीन पावडर आणि ‘फॅट बर्नर’ गोळ्या विकल्या जातात. या दोन्ही दाव्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. स्नायू काहीच काम करत नसतात, तेव्हा ते किती ऊर्जा वापरतात आणि ती कोण ठरवते? गेल्या १५ वर्षांत या प्रश्नाचे उत्तर स्नायूंतील काही प्रथिनांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

शांत बसलेल्या शरीरात ऊर्जा कुठे जाते?

माणूस दिवसभरात जितकी ऊर्जा वापरतो, त्यातील साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा निव्वळ जिवंत राहण्यासाठी लागते. हृदयाचे ठोके, श्वास, मेंदूचे काम, शरीराचे तापमान टिकवणे हा सगळा खर्च त्यात येतो. अन्न पचवण्यासाठी सुमारे १० टक्के आणि उरलेली ऊर्जा हालचालींसाठी जाते. पहिल्या खर्चाला विश्रांतीकालीन चयापचय म्हणतात.

हा खर्च सगळ्या अवयवांत सारखा वाटला जात नाही. एक किलो वजनामागे हृदय आणि मूत्रपिंडे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी वापरतात, मेंदू सुमारे २४० आणि यकृत सुमारे २०० (येथे कॅलरी म्हणजे आहारतक्त्यातील किलोकॅलरी). स्नायूंचा आकडा मात्र एका किलोमागे अवघा १३ आहे. चरबीचा त्याहून कमी, साडेचारच्या आसपास.

तरीही स्नायूंचा एकूण खर्च मोठा भरतो, कारण ते शरीरात भरपूर असतात. ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे २८ किलो स्नायू असतात. २८ गुणिले १३ म्हणजे दिवसाला सुमारे ३६४ कॅलरी. विश्रांतीकालीन खर्चाचा हा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक होतो. दीड किलोहून कमी वजनाचा मेंदू जवळपास तेवढीच ऊर्जा एकटा वापरतो. थोडक्यात, आराम करणारा स्नायू हा शरीरातील सर्वांत काटकसरी भागांपैकी एक आहे.

मग ‘स्नायू वाढवा, कॅलरी जाळा’ हा दावा खरा की खोटा?

एक किलो स्नायू वाढला की दिवसाला ५० ते १०० कॅलरी आपोआप जळतात, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. वरील आकडे पाहता हा दावा टिकत नाही. काही महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर कुणी दोन किलो स्नायू कमावले, तर आराम करताना होणारा त्याचा खर्च दिवसाला साधारण २६ कॅलरींनी वाढेल. एका मध्यम पोळीत सुमारे ८० ते १०० कॅलरी असतात. म्हणजे दोन किलो स्नायूंची कमाई पोळीच्या तीन-चार घासांइतकीच.

स्नायू कमावण्यासाठी केलेल्या व्यायामात ऊर्जा खर्च होते, हे वेगळे. स्नायू आकुंचन पावू लागले की त्यांचा ऊर्जावापर विश्रांतीच्या तुलनेत शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. इतकी मोठी झेप घेणारी दुसरी कोणतीही ऊती शरीरात नाही. संशोधकांचे लक्ष स्नायूंकडे वळले ते यामुळेच. ज्या यंत्राचा वेग इतका वाढू शकतो, ते एरवी इतके मंद कसे ठेवले जाते? आणि मंद असतानाही त्याचा वेग सगळ्यांमध्ये सारखाच असतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. वय, वजन आणि शरीरातील चरबीचे प्रमाण सारखे असलेल्या दोन व्यक्तींचा विश्रांतीकालीन खर्च वेगवेगळा असू शकतो. अमेरिकेतील फिनिक्स येथील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, या फरकाचा मोठा भाग स्नायूंच्या विश्रांतीकालीन ऊर्जावापराशी जोडलेला आहे.

काम नसताना स्नायू ऊर्जा कशावर खर्च करतात?

पेशींचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. अन्नातून मिळालेली ऊर्जा एटीपीच्या रूपात साठते आणि तो तुटला की ती मोकळी होते. स्वस्थ पडलेल्या स्नायूतही एटीपी सतत तुटत असतो. पेशीच्या आत-बाहेर सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण राखणारे पंप चालू असतात. आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम पुन्हा कोठारात भरणारा पंप चालू असतो. जुनी प्रथिने मोडून नवी बनवली जातात. आणि यांच्या जोडीला आणखी एक खर्च असतो, तो म्हणजे मायोसिन या प्रथिनाचा.

मायोसिन ही स्नायूंची मोटर. स्नायूच्या प्रत्येक तंतूत जाड आणि बारीक धाग्यांची रचना असते. जाड धागे मायोसिनचे, बारीक धागे अ‍ॅक्टिनचे. मायोसिनच्या रेणूला दोन डोकी असतात. आकुंचनाच्या वेळी ही डोकी अ‍ॅक्टिनचा धागा पकडून ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. दर ओढीला एक एटीपी लागतो. मूठ आवळणे, जिना चढणे, पापणी मिटणे हे सगळे या ओढाओढीतून घडते.

आकुंचनाचा आदेश नसतानाही ही डोकी पूर्ण थांबत नाहीत. ती अधूनमधून एटीपी तोडतच राहतात. त्यातून हालचाल होत नाही, फक्त उष्णता तयार होते.

मायोसिनच्या ‘अतिविश्रांत’ अवस्थेचा शोध कसा लागला?

शास्त्रज्ञांना जुने कोडे होते. मायोसिन स्नायूतून वेगळे काढून परीक्षानळीत ठेवले, तर ते ज्या वेगाने एटीपी तोडते, त्याच वेगाने शरीरात तोडू लागले तर स्नायूंचा खर्च प्रत्यक्षापेक्षा कितीतरी अधिक भरायला हवा. म्हणजे जिवंत स्नायूत मायोसिनला कुणीतरी रोखून धरत असणार.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील रॉजर कूक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे कोडे सोडवले. त्यांनी स्नायूतंतूंना चमकणारा एटीपी दिला आणि तो किती वेळाने सुटतो हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यात दोन वेग दिसले. काही मायोसिन डोकी सुमारे २० सेकंदांत एक एटीपी वापरत होती. उरलेल्यांना त्याच कामासाठी सुमारे २३० सेकंद लागत होते. दहापटींहून अधिक मंद असलेल्या या दुसऱ्या स्थितीला त्यांनी ‘सुपर रिलॅक्स्ड’ अवस्था असे नाव दिले. मराठीत तिला अतिविश्रांत अवस्था म्हणता येईल.

रिक्षा स्टँडवर उभ्या असलेल्या रिक्षांचे उदाहरण येथे चपखल बसते. प्रवासी कुणाकडेच नाही, म्हणजे सगळ्याच रिक्षा थांबलेल्या आहेत. पण काही चालकांनी इंजिन सुरू ठेवले आहे, तर काहींनी बंद केले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, इंधनाचा खर्च मात्र वेगळा असतो. साध्या विश्रांत अवस्थेतील मायोसिन म्हणजे इंजिन सुरू असलेली रिक्षा. अतिविश्रांत अवस्थेतील मायोसिन म्हणजे इंजिन बंद केलेली.

हे ‘बंद इंजिन’ दिसते कसे, याचा धागा त्याआधीच सापडला होता. व्हेनेझुएलातील राउल पाद्रोन आणि अमेरिकेतील रॉजर क्रेग यांच्या गटाने टॅरँट्युला या मोठ्या कोळ्याच्या स्नायूंचा अभ्यास केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रतिकृतीत मायोसिनची दोन डोकी एकमेकांवर दुमडून जाड धाग्याला चिकटून बसलेली दिसली. एकमेकांना अडवून बसलेल्या या डोक्यांना एटीपी तोडणे अवघड जाते. तासन्‌तास निश्चल बसून भक्ष्याची वाट पाहणाऱ्या कोळ्यासाठी ही सोय उपयोगाची. पण तीच रचना माणसाच्या स्नायूंतही आढळते.

या शोधाचे महत्त्व आकड्यांत आहे. माणसाच्या शरीरात मायोसिन इतके भरपूर असते की, त्यातील थोडा हिस्सा ‘बंद’ अवस्थेतून ‘सुरू’ अवस्थेत गेला, तरी सबंध शरीराच्या ऊर्जाखर्चावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो. व्यायाम न करता, एक पाऊलही न उचलता.

शरीर ऊबदार ठेवण्यातही स्नायूंतील प्रथिनांचा हात असतो का?

थंडीत हुडहुडी भरते ती स्नायूंच्या वेगवान थरथरीमुळे, हे परिचित आहे. पण न थरथरताही स्नायू उष्णता देऊ शकतात. त्यात सारकोलिपिन या चिमुकल्या प्रथिनाची भूमिका आहे.

आकुंचन संपल्यावर कॅल्शियम परत कोठारात ढकलणारा पंप प्रत्येक फेरीला एटीपी वापरतो. सारकोलिपिन या पंपाला चिकटले की एटीपी तुटतो, पण कॅल्शियम पूर्णपणे आत जात नाही. पाणी वर न चढवता पंप चालू राहिला तर तो फक्त तापतो, तसेच हे. काम होत नाही, उष्णता मिळते.

ओहायो स्टेट विद्यापीठात नरेश बल, मुथु पेरियासामी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये याचा पुरावा मांडला. सारकोलिपिन नसलेले उंदीर ४ अंश सेल्सियस तापमानात ठेवले असता त्यांना शरीराचे तापमान टिकवता आले नाही. चरबीयुक्त आहार दिल्यावर ते इतर उंदरांपेक्षा अधिक लठ्ठही झाले. म्हणजे ऊब देणारी यंत्रणा आणि जादा ऊर्जा उडवून टाकणारी यंत्रणा काही अंशी एकच असल्याचे दिसले.

अस्वलांच्या शीतनिद्रेतून काय समजले?

ऊर्जा वाचवण्यात निसर्गातील सर्वांत तरबेज प्राणी म्हणजे शीतनिद्रा घेणारे सस्तन प्राणी. अमेरिकी काळ्या अस्वलाचा ऊर्जाखर्च शीतनिद्रेत एरवीच्या विश्रांतीकालीन खर्चाच्या सुमारे २५ टक्क्यांवर येतो. यात मायोसिनचा वाटा किती, हे कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने तपासले. दोन जातींची अस्वले, खारीची एक जात आणि गार्डन डॉरमाउस हा छोटा कृंतक यांच्या स्नायूंवरील हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अस्वलांमध्ये मायोसिनची रचना शीतनिद्रेतही जशीच्या तशी राहिली. छोट्या प्राण्यांत चित्र वेगळे होते. त्यांचे शरीर शीतनिद्रेत खूप थंड पडते. त्या स्थितीच्या जवळ जाणाऱ्या ८ अंश तापमानाला मोजणी केली, तेव्हा त्यांच्या वेगवान स्नायूतंतूंतील मायोसिनचा एटीपी वापर सक्रिय काळाच्या तुलनेत खूपच घटलेला आढळला. मायोसिनवरील रासायनिक बदलही नोंदवले गेले. विश्रांतीतील मायोसिनचा वेग जिवंत प्राणी गरजेनुसार बदलू शकतो, एवढे यातून स्पष्ट होते.

व्यायामाने विश्रांतीतील खर्च वाढतो की घटतो?

येथे सर्वसामान्य समजुतीला धक्का बसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या जीवनशैलीच्या तरुण पुरुषांच्या स्नायूंचे नमुने तपासले गेले. बैठे काम करणारे, मध्यम व्यायाम करणारे, लांब पल्ल्याचे धावपटू यांसारखे खेळाडू आणि वजन उचलणारे खेळाडू असे चार गट होते.

मध्यम व्यायाम करणाऱ्यांच्या वेगवान स्नायूतंतूंत अतिविश्रांत मायोसिनचे प्रमाण बैठ्या तरुणांपेक्षा अधिक निघाले. म्हणजे सक्रिय माणसाचा स्नायू आराम करताना अधिक काटकसरी झाला. धावपटू आणि वजन उचलणारे यांच्यात या प्रमाणात फरक नव्हता, पण एटीपी वापरण्याच्या वेगात फरक होता.

वरकरणी उलटे वाटणारे हे निष्कर्ष तर्काला धरून आहेत. सरावलेला स्नायू गरजेच्या वेळी झटकन काम करतो आणि गरज नसताना खर्च आवरतो. व्यायामाचा फायदा मुख्यतः व्यायाम करताना खर्च झालेल्या ऊर्जेत आणि साखर हाताळण्याच्या सुधारलेल्या क्षमतेत असतो. ‘रात्री झोपेतही कॅलरी जळतील’ या जाहिरातीला या अभ्यासातून आधार मिळत नाही.

वजन घटल्यावर शरीर काटकसर का करू लागते?

वजन कमी केलेल्यांपैकी अनेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिले काही महिने काटा खाली येतो, मग थांबतो, नंतर वर चढू लागतो. दोष सहसा इच्छाशक्तीला दिला जातो. पण न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रूडॉल्फ लाइबेल, मायकेल रोझेनबाम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ मध्ये वेगळेच चित्र समोर आणले. १० टक्के वजन घटवलेल्या व्यक्तींचा दैनंदिन ऊर्जाखर्च, त्यांच्या बदललेल्या शरीराच्या मानाने अपेक्षित होता त्याहूनही अधिक घसरला होता.

पुढे २००३ मध्ये याच गटाने ही काटकसर स्नायूंत शोधली. वजन घटल्यानंतर हलके श्रम करताना स्नायू तेवढेच काम पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत करू लागले होते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक थोड्या प्रमाणात बाहेरून दिल्यावर हा बदल बऱ्याच अंशी उलटला. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि शरीराला उपासमारीचा संकेत मिळतो. त्या संकेताला प्रतिसाद देणाऱ्यांत स्नायू आघाडीवर असतात.

टोकाचे उदाहरण ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचे. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटवले. सहा वर्षांनी सरासरी ४१ किलो परत आले. तरीही त्यांचा विश्रांतीकालीन खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने ही नोंद केली. कमी वेळात झालेली अशी प्रचंड घट सर्वसामान्यांना लागू होत नाही. मात्र शरीर वजनाच्या बाबतीत जुना हिशेब विसरत नाही, हे त्यातून दिसते. या काटकसरीत मायोसिनच्या अतिविश्रांत अवस्थेचा हात असावा, हा तर्क सुसंगत आहे. माणसांत तो सिद्ध होणे बाकी आहे.

मायोसिनचा लगाम सैल करणारे औषध बनवता येईल का?

वजन घटवण्याची आजची प्रभावी औषधे भूक कमी करतात. खर्च वाढवणारे सुरक्षित औषध हाती आले, तर वजन परत वाढण्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवता येईल. म्हणून अतिविश्रांत अवस्था हे आकर्षक लक्ष्य मानले जाते.

या शोधात एक ओळखीचा पदार्थ पुढे आला, तो म्हणजे मिरी. इटलीतील पाडोवा विद्यापीठ आणि कूक यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की, काळ्या मिरीला तिखटपणा देणारे पायपेरिन वेगवान स्नायूतंतूंतील मायोसिनला अतिविश्रांत अवस्थेतून बाहेर काढते. हृदयाच्या स्नायूवर तसा परिणाम दिसला नाही, ही जमेची बाजू.

पण हा प्रयोग वेगळ्या काढलेल्या तंतूंवर झाला होता. रस्सम किंवा मिरी घातलेल्या काढ्यातून पोटात जाणारे पायपेरिन स्नायूपर्यंत त्या प्रमाणात पोहोचून वजन घटवते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय पायपेरिन इतर औषधांचे शोषण आणि विघटन बदलते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन कमी मात्रेत परिणामकारक व्हावे म्हणून ते पायपेरिनसोबत देण्याचा पर्याय भारतातच विकसित झाला. जो गुण तेथे उपयोगी ठरतो, तोच रक्तदाब, मधुमेह किंवा फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी धोक्याचा ठरू शकतो. पायपेरिनचा अर्क असलेल्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेणे त्यामुळे योग्य नाही.

मायोसिनवर औषध चालते, याचा पुरावा हृदयरोगात मिळाला आहे, पण उलट दिशेने. हृदयाच्या भिंती जाड होणाऱ्या एका आजारात मायोसिन गरजेपेक्षा जास्त सक्रिय असते. त्याला अतिविश्रांत अवस्थेकडे ढकलणाऱ्या माव्हाकॅम्टेन या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. लगाम आवळता येतो, हे सिद्ध झाले. सैल करणे हे अधिक जोखमीचे काम आहे.

ही जोखीम किती मोठी असू शकते?

इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिले डायनायट्रोफेनॉल या रसायनाचे. ते मायोसिनवर काम करत नाही. पेशीतील ऊर्जानिर्मितीला गळती लावते. परिणाम मात्र तोच, अन्नाची ऊर्जा उष्णतेत उडून जाते. १९३३ नंतर अमेरिकेत ते वजन घटवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर घेतले गेले. वजन घटले, पण शरीराचे तापमान आवरेनासे होऊन मृत्यू झाले, अनेकांना मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये ते मानवी वापरास अयोग्य ठरवले गेले. तरीही इंटरनेटवरून ‘फॅट बर्नर’ म्हणून ते विकले जाते आणि त्यातून मृत्यू होतात.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियागृहातले. काहींच्या स्नायूंत कॅल्शियमच्या कोठाराचे दार जनुकीय दोषामुळे सदोष असते. विशिष्ट भूल देणारी औषधे मिळताच ते सताड उघडते, स्नायू आखडतात आणि शरीराचे तापमान झपाट्याने चढते. या स्थितीला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. डॅन्ट्रोलिन हे औषध वेळेत मिळाले नाही तर ती जीवघेणी ठरते. स्नायूंची भट्टी पेटली तर किती उष्णता देऊ शकते, हे यातून कळते. उत्क्रांतीने तिच्यावर इतके पहारे बसवले, त्यामागे कारण आहे.

भारतीयांच्या दृष्टीने हा विषय का महत्त्वाचा?

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. वजनकाटा दोघांना सारखेच ‘सडपातळ’ म्हणत होता.

ही तफावत जन्मापासूनच असल्याचे पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासात आढळले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पण ही कमतरता मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयवांची होती. चरबी त्या मानाने राखलेली होती. ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ अशा या शरीरयष्टीचा मधुमेहाशी जवळचा संबंध आहे.

जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा बहुतांश भाग, प्रयोगांतील मोजणीनुसार सुमारे ८० टक्के, स्नायू घेतात. ती साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवण्याचे सर्वांत मोठे कोठारही स्नायूच आहेत. कोठार लहान आणि बंद पडलेले असेल, तर साखर रक्तात राहते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीयांसाठी स्नायूंचे मोल झोपेत जळणाऱ्या २६ कॅलरींपेक्षा या कोठारात अधिक आहे.

इंजेक्शन घेणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ज्यांच्या शरीररचनेची मोजणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबीव्यतिरिक्त भागाचा वाटा सुमारे ४० टक्के होता. ‘माउंजारो’तील तिर्झेपटाइडच्या चाचणीत तो सुमारे २५ टक्के होता. हा सगळा भाग स्नायू नसतो. त्यात पाणी आणि अवयवांचे वजनही येते. आहार कमी करून वजन घटवले तरी अशी घट होतेच. पण ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी आहेत, अशा भारतीयांना आणि ज्येष्ठांना ती अधिक जाणवू शकते.

औषध थांबवल्यावरचा काळ अधिक नाजूक असतो. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे चाचणीच्या पाठपुराव्यात दिसले. भूक परतलेली असते आणि स्नायू काटकसरीच्या पवित्र्यात असतात. अशा वेळी परत येणारे वजन मुख्यतः चरबीचे असेल, तर माणूस सुरुवातीच्या वजनावर येतो, पण आधीपेक्षा कमी स्नायूंसह.

यावर सध्या हाती असलेले उपाय साधे आहेत. इंजेक्शन सुरू करतानाच, वजन घटल्यावर नव्हे, ताकदीचे व्यायाम सुरू करावेत. वजन उचलणे, बैठका, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्ट्यांचे व्यायाम यांपैकी जे जमेल ते आठवड्यातून दोन-तीन वेळा. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असल्याचे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी सांगतात. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे सुमारे ५० ग्रॅम होतात. भूक मेलेली असताना एवढेही पोटात जात नाही, ही या औषधांमधली खरी अडचण. त्यामुळे जेवणात आधी उसळ, डाळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे आणि नंतर भात-पोळी, हा क्रम उपयोगी पडतो. स्नायू वाढवण्यासाठी पावडरी घेऊ नयेत, असा सल्ला याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक.

स्नायू राखून चरबी घटवणाऱ्या औषधांवरही काम सुरू आहे. बिमाग्रुमॅब या औषधाची सेमाग्लुटाइडसोबत चाचणी झाली. २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत या जोडीमुळे घटलेल्या वजनापैकी ९० टक्क्यांहून अधिक वजन चरबीचे होते; एकट्या सेमाग्लुटाइडच्या बाबतीत हे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास होते. मायोसिनचा लगाम सैल करून वजन घटवणारे औषध मात्र अजून बाजारात नाही. त्या नावाने गोळी किंवा पावडर विकली जात असेल, तर ती घेण्यापूर्वी डबीवरील घटकांची यादी डॉक्टरांना दाखवणे हिताचे.